टोपाझचा उपयोग

हिरामण भोपी फौजेतून सुटून बदलापूरला, आमच्या मांजर्लीत परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, रमची एक बाटली आणि एक टोपाझ आली. ट्रंक माळ्यावर गेली. बाटली पहिल्याच रविवारी संपली. टोपाझ मात्र अजून आमच्या कट्ट्यावर उभी आहे. दिसत नाही, एवढंच.

टोपाझ म्हणजे पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी. तिला रणगाडा म्हटलेलं हिरामणला खपत नाही. रणगाडा मारायला जातो, टोपाझ माणसं पोचवायला. जवान आत बसवायचे, दार लावून घ्यायचं, गोळ्यांतून पुढे न्यायचे आणि उतरवायचे. वाटेत नदी आली तर ती पोहतसुद्धा. फौजेत असेपर्यंत हिरामणने ती हातांनी चालवली, आणि नंतर तोंडाने. उल्हास नदी आमच्या तळमजल्यांत शिरली, गॅसची सिलिंडरं गल्लीतून तरंगत निघाली आणि आम्ही सगळे गच्चीवर ओल्या सतरंज्यांवर बसलो, तेव्हाही तो म्हणाला होता, "आत्ता टोपाझ असती ना!" त्या दिवशी त्याला कोणी खाली ढकललं नाही, याचं श्रेय मांजर्लीच्या संस्कारांना आहे.

त्याला तोंड देणारे एकटे रामभाऊ. रामभाऊ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, त्यामुळे शस्त्रास्त्रांवर आपलाही हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

"जय भीम, फौजी. काय म्हणतोय बिस्किटाचा डबा?"

"राम राम. डबा म्हणा, काय पण म्हणा. आज लढाई लागू द्या, जुन्या गाड्या पहिल्या बाहेर काढतील."

"काढतील ना. हरवल्या तरी कोणी रडत नाही, म्हणून काढतील. अरे, आता वरून ड्रोन येतंय. लग्नात शूटिंग करतात ना, तेवढंसं. खाली डबा दिसला की टाकलं."

"आणि चालत जाणाऱ्याला काय, हार घालतंय? छर्रे कशाने अडवणार रामभाऊ, तुमच्या स्वेटरने?"

मग हिरामण थंडीची गोष्ट सांगायचा. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की तो खोकायला थांबला तर पुढचं वाक्य आमच्यापैकी कोणीही म्हणायचं. एकदा वर पहाडात टोपाझचं इंजिन गोठलं. नव्या पोराने चहाचं आधण उचललं आणि निघाला ओतायला. उस्तादांनी, म्हणजे गाडी शिकवणाऱ्या हवालदारांनी, त्याला तिथेच एक ठेवून दिली. गोठलेल्या इंजिनात उकळतं पाणी ओतलं तर लोखंड तडकतं, इंजिन जन्मातून जातं. वरून ताडपत्री टाकायची, खाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, आधी कोमट पाणी, मग जरा गरम. "बाळंतिणीला शेक देतात, तसा शेक द्यायचा," असं म्हणून हिरामण दोन्ही तळवे जमिनीकडे धरायचा, आणि कट्ट्याला त्या इंजिनाची माया वाटायला लागायची.

हिरामणचा मुलगा सनी डिझेल मेकॅनिक. घराला लागूनच त्याचं गॅरेज, शाळेच्या व्हॅन आणि टेम्पो दुरुस्त करायचा. हात चांगला होता. कानात मात्र दिवसभर इअरफोन, त्यामुळे वडिलांच्या टोपाझपासून गावात तेवढा तोच वाचलेला.

मागच्या दिवाळीनंतर कल्पेश आला. कात्रपला ब्युटी पार्लरच्या शेजारी त्याचं ऑफिस होतं, परदेशात माणसं पाठवायचं. तो सनीसाठी आला होता, पण येऊन बसला हिरामणसमोर. धंदा कळणारा माणूस.

"काका, फॉरेनला एक डेपो आहे. जुन्या गाड्या दुरुस्त करायच्या. मेकॅनिक पाहिजेत." पगाराचा आकडा सांगताना त्याने आवाज इतका खाली आणला की, हा कसलं तरी स्तोत्र म्हणतोय असं वाटून वेणूबाईने, म्हणजे सनीच्या आईने, डोक्यावर पदर घेतला. "पण गाडी चांगली की भंगार, ते तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही म्हणालात तर मी चहा पिऊन गेलो."

त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावला. पांढराफेक बर्फ, आणि त्यातून धूर सोडत येणारी पट्ट्यांची गाडी. हिरामण उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ही टोपाझ! म्हणजे टोपाझची थोरली बहीण. वेणू, बघ, बघ! मी काय सांगत होतो?"

आम्ही सगळ्यांनी बघितली. तीस वर्षं जिचं वर्णन ऐकलं ती बाई अखेर प्रत्यक्ष दिसावी, तसं झालं. खरं सांगायचं तर वर्णनाच्या मानाने साधीच होती.

"बाजूचं दार कुठाय?" हिरामणने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आमचीला बाजूला दार होतं. हिच्यातून वरनं उडी मारून उतरायला लागेल."

"काका, सनी डेपोत राहणार. त्याला कुठे उतरायचंय?"

सगळे हसले. हिरामण जास्तच.

"आणि वर ती जाळी कसली?" सनीच्या बायकोने, माधवीने विचारलं. "कोंबड्या नेतात काय त्यातून?"

"बर्फ पडतो ना वहिनी, त्यासाठी," कल्पेश म्हणाला. मग खिशातून टेप काढून त्याने सनीला भिंतीला उभं केलं आणि त्याची उंची मोजली.

"मेकॅनिकची उंची कशाला रे?" वेणूबाईने विचारलं.

"युनिफॉर्म शिवायला, मावशी."

"उंची लागतेच," हिरामण मोठ्या उत्साहाने म्हणाला. "टोपाझमध्ये उंच पोरगा चालत नाय. डोकं आपटतं. आमचे सुभेदारसाहेब बुटकी पोरंच निवडून आत बसवायचे."

हिरामण काय बोलला ते आम्ही ऐकलं होतं. त्याने स्वतः ऐकलं नव्हतं. कल्पेशने टेप गुंडाळली आणि चहा छान झाल्याचं सांगितलं.

"तिथं थंडी मरणाची असेल," माधवी म्हणाली.

"बदलापूरचा पोरगा थंडीला घाबरतो काय?" कल्पेश म्हणाला, आणि तिथे आम्ही सगळे फसलो. ठाण्या-कल्याणपेक्षा आमच्याकडे पारा दोन डिग्री खाली गेला की आम्ही थर्मामीटरचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि दिवसभर अभिनंदन स्वीकारतो. सनीने दोन स्वेटर घेतले आणि गेला.

पहिला फोन आला तो विमानतळावरून. दुसरा 'ट्रेनिंग'मधून. मग फोटो आला: सनी हिरव्या कपड्यांत, हातात बंदूक.

"मेकॅनिकला बंदूक?" वेणूबाईने विचारलं.

"सेफ्टीला देत असतील," हिरामण म्हणाला. फोटो मात्र त्याने परत बघितला नाही.

कात्रपला जाऊन बघितलं तर ब्युटी पार्लर होतं, शेजारी मात्र दातांचा दवाखाना. कल्पेशचा नंबर अस्तित्वात नव्हता. हिरामण पोलिसांत जाऊन आला, त्यांनी तक्रार लिहून घेतली. इकडेतिकडे अर्ज झाले. सनीचा फोन येईनासा झाला. कट्ट्यावर टोपाझचा विषय बंद झाला, आणि रामभाऊंना दुसरं काही बोलता येत नसल्यामुळे तेही गप्प बसू लागले. इतकी शांतता आम्हाला सोसेना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आम्ही हिरामणच्या ओट्यावर बसलो होतो. आत तिळाचे लाडू वळणं चाललं होतं. वेणूबाई म्हणाली होती, पोरगं नाही म्हणून सण सोडला तर अपशकुन होतो. तेवढ्यात माधवीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. ती धावत बाहेर आली, तिळाचे हात तसेच.

स्क्रीनवर सनी होता. निदान आवाज सनीचा होता. दाढी वाढलेली, दाढीत पांढरं काहीतरी अडकलेलं, ओठ फुटलेले.

"पप्पा कुठंयत? पप्पांना दे. पाच मिनिटं दिलीत."

"आधी जेवलास का ते सांग!" वेणूबाई ओरडली.

"जेवलो आई. पप्पा, ऐका. गाडी बंद पडलीय, ती व्हिडिओतलीच. इंजिन गोठलंय, फिरतच नाय. मी कमांडरला बोललो, माझ्या वडिलांनी हीच चालवलीय. म्हणून तर फोन दिला परत. सांगा, काय करू?"

त्याने फोन फिरवला. बर्फात गाडी उभी होती, वर जाळी; ती ड्रोन अडवायला असते हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. गाडीच्या पोटाशी चार-पाच पोरं बसलेली, वेगवेगळ्या देशांतली असावीत, सगळी आमच्याकडच्यासारखीच ऊन खाऊन वाढलेली. एकाने पायात मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मागे विस्तवावर मोठं पातेलं, त्यात पाणी उकळत होतं.

"तुमचा कमांडर कुठाय?" हिरामणने विचारलं.

"दुसऱ्या घरात जेवतोय."

"गाडी चालू झाली, तर?"

"तर उद्या सकाळी पोरांना पुढे सोडून यायचं. एकच फेरी. मग मला मेकॅनिक म्हणून डेपोत ठेवणार. शब्द दिलाय त्याने."

"चालवणार कोण?"

"मीच ना. चालू करणारा तोच चालवणारा, असं आहे इथं."

"आणि चालू नाय झाली, तर?"

"तर काय, बसून राहायचं इथंच. पप्पा, टाईम नाय, बोला ना!"

आयुष्यभर हिरामणने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न आला होता, परदेशातून आला होता, सगळा कट्टा साक्षीला होता. उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ताडपत्री, शेगडी, कोमट पाणी. माझ्या शेजारी बसलेल्याचे तळवे तर आपोआप जमिनीकडे वळले होते.

"फौजी," रामभाऊ हळूच म्हणाले, "सांग पोराला."

हिरामणने फोन जरा जवळ धरला.

"ते मागे पातेलं आहे ना? पाणी उकळलंय?"

"हो."

"ओत. सगळं. एकदम."

माधवीचं तोंड उघडलं होतं. तिने सासऱ्याकडे बघितलं आणि तिळाचा चिकट हात तोंडावर ठेवून ते बंद केलं.

"पप्पा," सनी म्हणाला, "तुम्ही तर शेक द्यायचं काहीतरी बोलायचे ना? शेगडी का काय?"

इअरफोनमधूनही पोराच्या कानात थोडं गेलं होतं. हिरामणने रामभाऊंकडे बघितलं. तेव्हा रामभाऊ पुढे वाकले. हिरामणच्या एका शब्दाला या माणसाने कधी होकार दिला नव्हता.

"सनी, मी रामभाऊ. शेक नव्या इंजिनाला. जुन्याला उकळतंच लागतं. बाप सांगतोय ते बरोबर सांगतोय."

"बरोबर," आमच्यातला आणखी एक म्हणाला.

"एकदम बरोबर," आम्ही म्हणालो. एखाद्या विषयावर मांजर्लीचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

सनीने फोन कुठेतरी टेकवून ठेवला. दोघांनी मिळून पातेलं उचलून वर नेलं. वाफेने स्क्रीन पांढरी झाली. आणि मग आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. एकदाच. त्यामागून पाणी ठिबकायला लागल्याचा.

"पप्पा," सनी म्हणाला. "इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली. आरपार."

"अरेरे," हिरामण म्हणाला.

"अरेरे," आम्हीही म्हणालो. चेहरे इतके पडलेले आणि मनं इतकी हलकी, असं फक्त श्रीमंत नातेवाईकाच्या दहाव्याला होतं.

मग तिकडे दार वाजलं आणि पोरं उठून उभी राहिली. एक जाडा, पोक्त माणूस आला, तोंडात घास तसाच. त्याने इंजिन बघितलं, पातेलं बघितलं. तो ओरडेल, मारेल, म्हणून वेणूबाईने डोळे मिटले. तो हसला. आमच्या एखाद्या मामासारखा हसला. फोन हातात घेऊन त्याने हिरामणकडे बघितलं, आणि स्वतःच्या दुसऱ्या मोबाईलमध्ये त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. त्या मोबाईलमधून त्याचं भाषांतर करणारा एका बाईचा गोड आवाज आला, बँकेच्या फोनवर येतो तसा:

"पिताजी को नमस्ते। गाड़ी नहीं है, कोई बात नहीं। आदमी हैं।"

आणि कॉल कट झाला.

मग रामभाऊंनी हिरामणचा हात हातात घेतला. "आज तू टोपाझ खरी चालवलीस," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वेणूबाईने आतून ताट आणलं, आणि आम्ही संक्रांतीच्या आदल्या दिवशीच लाडू खाल्ले. कोणीतरी उस्तादांच्या थपडेची नक्कल केली. बऱ्याच दिवसांनी हसू आलं होतं, ते आम्ही पुरवून पुरवून हसलो.

माधवी तेवढी दारात उभी होती.

"'आदमी हैं' म्हणजे?" तिने विचारलं.

लाडू कडक झाले होते. चावायला वेळ लागत होता, त्यामुळे कोणालाच लगेच उत्तर देता आलं नाही.

चार-सहा दिवसांनी फोटो आला. फोटोबरोबर एकच ओळ: 'गाडी नाही म्हणून बाईक दिली.' सनी मोटरसायकलवर, मागे दोघं बसलेले, तिघांच्या पाठीला बंदुका. वेणूबाईला आभाळ ठेंगणं झालं. पोरगं कधीपासून बाईक मागत होतं, बापाने घेऊन दिली नव्हती, परक्या मुलुखातल्या साहेबाने दिली. तिने फोटो शेजारी दाखवला, किराणावाल्याला दाखवला. "हेल्मेट आहे ना डोक्यात, मग झालं," असं किराणावाला म्हणाला.

हिरामण कट्ट्यावर आला आणि नेहमीच्या जागी बसला. फोटो रामभाऊंनीही बघितला होता.

"बाईक चपळ असते, फौजी," रामभाऊ म्हणाले. "डबा लांबून दिसतो. बाईक सटकन जाते. ड्रोनला सापडत नाही."

"रामभाऊ."

"अं?"

"टोपाझचा पत्रा छर्रे अडवतो. गोळी अडवतो. वरनं पडलं तर आतला एखादा मरतो, एखादा वाचतो. वाचतो, रामभाऊ. मी तुम्हाला तीस वर्षं सांगत होतो."

"होय," रामभाऊ म्हणाले.

"बाईकला पत्राच नसतो."

यावर बोलायची पाळी रामभाऊंची होती. त्यांनी स्वेटरची बटणं लावून घेतली. जिंकलेला वाद मांडीवर घेऊन हिरामण बसून राहिला. मग एकदम उठला. "चला," म्हणाला. कुठे, ते सांगितलं नाही. रामभाऊ धरून आम्ही तिघं त्याच्यामागून रिक्षात बसलो.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपसेठचं दुकान आहे. जुन्या डिझेल इंजिनांचे भाग तिथे छतापर्यंत रचलेले असतात. सनी सगळा माल तिथूनच उचलायचा. गोपसेठ सिंधी, पण मराठी आमच्यापेक्षा जोरात बोलतात.

"या, या, भोपीसाहेब! सनी कसा आहे? फॉरेनला गेला तर आम्हाला विसरला?"

"सेठ, एका इंजिनाचा ब्लॉक पाहिजे."

"कुठल्या गाडीचा?"

"टोपाझच्या थोरल्या बहिणीचा. चिलखती गाडीचा. जुनी आहे, रशियन बनावटीची."

दुसरा कोणी असता तर हसला असता. गोपसेठनी चष्मा कपाळावर चढवला, छताकडे बघितलं आणि मनातल्या मनात सगळी भंगाराची गोदामं फिरून आले.

"मिल जाएगा. लिलावात निघतं कधी कधी. नाहीच मिळालं तर अंबरनाथला ओतून घेऊ, नमुना द्या फक्त. पण साईं, युद्धाच्या गाडीचा ब्लॉक तुम्हाला कशाला?"

"फुटला. माझ्या हातून फुटला." हिरामण घाईने बोलत होता. "तो बसवला की गाडी चालू होते. मी फोनवर सगळं सांगीन, शेक कसा द्यायचा, दाबलेल्या हवेच्या बाटलीवर स्टार्ट कसा मारायचा, सगळं. फक्त ब्लॉक पोचला पाहिजे. लवकर पोचला पाहिजे, सेठ. पोरं बाईकवर आहेत."

गोपसेठनी आमच्याकडे बघितलं. आम्ही ऑइल फिल्टर बघत होतो. मग त्यांनी काही न विचारता नोकराला चहा सांगितला, ट्रान्सपोर्टचं बुक पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला. माल कुठे पाठवायचा? देश? गाव?"

हिरामणने तोंड उघडलं. मग खिशातून मोबाईल काढला, फोटो लावला आणि दोन बोटांनी मोठा केला. बाईक मोठी झाली, सनीची दाढी मोठी झाली. त्याने फोटो डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मागे छत उडालेलं एक घर होतं. घरावर पाटी नव्हती. खांबावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बघू," गोपसेठ म्हणाले. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. गिऱ्हाइकं ताटकळली होती, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. रामभाऊ त्यांच्या खांद्यावरून वाकले. आम्हीही वाकलो. चहा आला, निवला.

बर्फात टायरचे वण उमटले होते. ते फोटोच्या कडेपर्यंत गेले होते, आणि पुढे फोटो संपला होता.